लेंग्याच्या दुमडीतले थेंब

बाई, आज निकाल लागला. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली हे मला पक्कं ठाऊक आहे, तरी कोर्टातून घरी येईपर्यंत तुम्हालाच सांगायचं एवढंच डोक्यात होतं. पर्स खांद्यावरून काढली आणि तशीच लिहायला बसले. कुकर नंतर लावीन.

केस राहात्याजवळच्या एका वस्तीवरची. पेरूच्या बागेत घर, घरात सासू, विधवा सून, सुनेची लहान मुलगी आणि दीर. एका दुपारी सासू स्वयंपाकघरात मेलेली सापडली, डोक्यात वरवंट्याचे घाव. सून तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली, साडी रक्तानं भिजलेली. दीर ज्याला-त्याला सांगत होता, "मी वरडा ऐकून पळत आलो, दारातच थिजलो. आत पाऊलबी टाकलं न्हाई. वैनीच्याच हातात वरवंटा हुता." सासू-सुनेची भांडणं साऱ्या वस्तीनं ऐकलेली, त्यामुळे कुणाला शंका घ्यावीशी वाटली नाही. आमची न्यायवैद्यक तपासणीची गाडी पोहोचली तेव्हा सून पोलिसांच्या जीपमध्ये बसलेली होती आणि बाहेर जमलेल्या बायका तिच्याकडे बघून थुंकत होत्या.

त्या दारात उभी राहिले आणि मला राहुरीच्या आपल्या शाळेतली प्रयोगशाळा आठवली. मी नववीत आहे. पेटत्या मेणबत्तीवर काचेचा ग्लास उपडा ठेवून काय होतं ते लिहायचं आहे, आणि मी ऐटीत लिहिलं आहे, 'ऑक्सिजन संपल्यामुळे मेणबत्ती विझली.' तुम्ही सगळ्या वर्गासमोर विचारता, "ऑक्सिजन संपलेला तू पाहिलास?" मी म्हणते, नाही. "मग काय पाहिलंस?" ज्योत बारीक झाली, विझली, काच धुरकटली, मी पुटपुटते. "तेवढं आधी लिही. पुस्तकातलं उत्तर ठाऊक असलं की डोळे मिटायचे असं कुणी सांगितलं तुला?" मला रडू आलं होतं बाई. पण त्या दिवसापासून मी आधी पाहिलेलं लिहिते.

तेव्हा वस्तीवरच्या त्या खोलीत मी फक्त पाहिलं. भिंतीवर रक्ताचे बारीक थेंब अगदी खाली, गुडघ्याच्या उंचीला. म्हणजे घाव बसले तेव्हा म्हातारी जमिनीवर बसलेली होती. ती पडली ती जागा आणि दार यांच्या मध्ये धान्याची पत्र्याची कोठी, पुरुषभर उंच. कोठीच्या आतल्या अंगाला थेंब, दाराकडचं अंग लख्ख. सुनेच्या साडीवर मांडीजवळ मोठा ओला डाग आणि पदराला पुसल्याच्या खुणा, पण उडालेला एकही थेंब नाही. मी पोलीस साहेबांना म्हटलं, घरात जे जे होते त्या सगळ्यांचे कपडे ताब्यात घ्या. साहेब वैतागले. "मॅडम, आरोपी गाडीत बसलीय. दिराचे कपडे कशाला? लोक आधीच तापलेत." मी म्हटलं, घेतल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही. दिरानं पांढरा लेंगा उतरवून दिला. वरून स्वच्छ होता. खालचा काठ वर दुमडलेला होता, तो मी उलगडला आणि आत मोहरीएवढे थेंब दिसले; काठ दुमडून त्यानं ते झाकले होते. कोठीच्या आड, म्हातारीच्या जवळ उभं राहिल्याशिवाय ते तिथं पोचूच शकत नव्हते. पुढे प्रयोगशाळेनं रक्त सासूचंच असल्याचं कळवलं. सून सुटली, दीर आत गेला. बागेचा मेलेल्या भावाचा वाटा आई सुनेच्या नावावर करणार होती, एवढंच कारण.

या कामाला माझे वडील किती बिचकले होते! नाताळात आम्ही तुमच्याकडे फराळाला आलो होतो. तुम्ही स्वयंपाकघरात करंज्या तळताय, वडील दारात टोपी हातात घेऊन उभे. "बाई, लग्नाच्या पोरीनं रक्तात हात घालायचा व्हय? लोकं काय म्हनतील?" तुम्ही झारा न थांबवता म्हणालात, "डॉक्टरीण घालते तेव्हा लोक काय म्हणतात?" वडिलांना हसू आलं आणि माझं कॉलेज ठरलं. निघताना तुम्ही स्वतः शिवलेला पांढरा ॲप्रन दिलात. तो मला घोळदार होता, तरी मी तीन वर्षं तोच घातला.

दिराच्या वकिलांनी मला उलटतपासणीत सकाळभर उभं केलं. "खून झाला तेव्हा तुम्ही तिथं होतात?" मी म्हटलं, "मी नव्हते, पण हा लेंगा होता." मागे कुणीतरी हसलं, न्यायाधीशांनी वर पाहिलं. "दारापर्यंत रक्त उडालं नसेल कशावरून?" मग मी खोलीचा नकाशा मागितला आणि थेंबांच्या रेषा, कोठी, दार, सगळं एकेक करून दाखवलं. न्यायाधीशांनी नकाशा स्वतःकडे ओढून घेतला, रेषेवरून बोट फिरवलं आणि वकिलांना म्हणाले, "कोठीतून रक्त आरपार जातं का, तेवढं सांगा." वकील खाली बसले. आज दिराला जन्मठेप झाली.

निकालानंतर पोलीस सुनेला म्हणाले, बाहेर गर्दी आहे, मागच्या दारानं जा. तिनं पोरीचा हात घट्ट धरला. "न्हाई साहेब. नेलं तवा समद्यांच्या देखत नेलं. आता मी फुडच्या दारानंच जानार." आणि गेली, बाई! ताठ मानेनं, पायऱ्या सावकाश उतरत. वस्तीवरच्या त्याच बायका बाजूला सरून वाट देत होत्या. एकीनं तिच्या पोरीला कडेवर उचललं. मला बघून सून थांबली. तिनं माझे दोन्ही हात धरले, आणि किती जोरात!

हा कागद मी कुठं धाडणार, आणि कुणाच्या पत्त्यावर? बाहेर सगळ्यांना मी शहाण्यासारखं सांगितलं की हे तर माझं कामच आहे. तुमच्याजवळ कबूल करते: मला आज शाबासकी हवी आहे, अगदी नववीतल्या पोरीसारखी, आणि ती दुसऱ्या कुणाची चालणार नाही.