नाही म्हणाले, पण गेले

प्रिय पप्पा, तुम्हाला आणि मम्मीला सलाम.

चिकलठाण्यातली खोली हवेशीर आहे, जेवणाचे हाल नाहीत.

शेजारच्या पुतळाबाईंशी माझं नळावरून भांडण झालं होतं. परवा पडून त्यांचा हात मोडला. पाळकसाहेब म्हणाले, "मार्था, त्यांना भाकरी करून दे." मी सरळ म्हणाले, "मला नाय जमायचं." घरी आल्यावर तुम्ही सांगायचात तो दोन मुलांचा दाखला आठवला. एक नाही म्हणूनही बापाच्या मळ्यात राबायला गेला, दुसरा हो म्हणून गेलाच नाही. मग मी पीठ मळलं. पुतळाबाई म्हणाल्या, "भाकर लई जाड झाली गं," आणि दोन खाल्ल्या. मला फार बरं वाटलं.

तुमचा खोकला कमी आहे का? फोनवर "दवाखान्यात जातो" म्हणाला होतात. गेलात का?

तुमची लेक,
मार्था