पहिली चौकट

फागावाई, सवाई बेट
१४ फेब्रुवारी

प्रिय इओसेफोदादा,

तुला आणि वहिनीला खूप खूप प्रेम. आम्ही सगळे बरे आहोत. वादळाने चर्चचं छप्पर नेलं, आपली केळी आडवी केली. निरफणस मात्र उभा आहे. आई रोज टोपभर अळकुड्या उकडून शाळेत पाठवते, कारण अजून निम्मं गाव तिथेच झोपतंय.

तुझा निरोप मिळाला होता. ‘गावाच्या पानावर पहिलं नाव आपल्याच घराचं! बाबांनी शेवटी मान मिळवलाच.’ त्याचं उत्तर देते, पण जरा दमाने.

ते इंटरनेटवरचं पान मी बनवलंय, दादा. एकटीने. प्रत्येक घराची एक चौकट, तिच्यात माणसांची नावं आणि वादळात कोण कुठे आहे ते. पहिल्यांदा केलं तेव्हा सगळ्या चौकटी एकाच ओळीत बसल्या आणि आईच्या छोट्या फोनवर निम्मं गाव पडद्याबाहेर! आई म्हणाली, "अगं, लोटोमाऊची मंडळी कुठे गेली? वादळाआधीच वाहून गेली का?" मग शिकत गेले. बाहेरच्या मोठ्या चौकटीला ‘फ्लेक्स’ म्हटलं की आतल्या तिच्या शब्दात राहतात. ‘रॅप’ म्हटलं की जागा संपल्यावर पुढची चौकट निमूट खालच्या ओळीत उतरते. आणि ‘ऑर्डर’ नावाची आज्ञा आहे, तिने कुणालाही उचलून पुढे आणता येतं.

तिच्यावरूनच वादळाआधीच्या गावसभेत जुंपली. थोरले मानकरी सेउमालोकाका कडाडले, "माझं घर तळाला? पोरी, तुझ्या यंत्राला मानपान कळतं की नाही?"

मी म्हटलं, "काका, ज्या घरचं माणूस सापडत नाही, ते घर पहिलं. तुम्हाला हवाय का पहिला नंबर?"

तेवढ्यात बाबा उठले. "मान बसायच्या जागेला असतो. शोधायला निघालेल्याने कुणाकुणाचा मान बघायचा? पोरीचं बरोबर आहे." त्यांनी भर सभेत माझी बाजू घेतली, दादा! काका कुरकुरत बसले.

आता कळलं ना, पहिलं नाव म्हणजे काय ते?

वादळ चढत असताना बाबा होडी घेऊन खाडीपलीकडच्या म्हाताऱ्यांना आणायला गेले. म्हातारे दुसऱ्या होडीने आले. बाबा आलेच नाहीत. शाळेत बसून मी आपल्याच चौकटीला पुढे यायची आज्ञा दिली; बाबांच्या नावापुढे मात्र काही लिहवलं नाही. आईने ती फोनवर पाहिली आणि नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. तुझा निरोप त्याच दिवशी आला. उत्तर लिहायला घ्यायची आणि पुसायची. तू आणि बाबा इतकी वर्षं बोलला नाहीत. आता हे कसं कळवू?

पण ती चौकट पहिली होती म्हणूनच पुआवाई गावातल्या एका बाईंच्या नजरेत भरली. त्यांचा फोन आला, "तुमचे वडील आमच्याकडे आहेत. पाय मुरगळलाय, पण होडीच्या इंजिनाला शिव्या घालण्याइतपत ठणठणीत आहेत."

मी आपलं घर खाली नेलं. एवढा अभिमान मला याआधी कशाचाच वाटला नव्हता. शेजारची गावंही आता असं पान मागतायत. सेउमालोकाका तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "आमच्या पोरीने केलंय!"

परवा बाबा शेजारी येऊन बसले. "आपली चौकट दाखव." नावं वाचली. "इओसेफो कुठाय?"

"बाबा, यात इथलीच माणसं आहेत."

"मग? तो काय परक्या घरचा झाला?"

मी तुझं नाव घातलं. चौकट एका ओळीने वाढली, आणि तिच्या रांगेतल्या सगळ्या चौकटी तेवढ्याच उंच झाल्या. बाबांनी विचारलं, "हे तू केलंस?" मी म्हटलं, "नाही, एक वाढली की बाकीच्या आपोआप वाढतात." त्यांनी तुझ्या नावावर बोट ठेवलं.

तुझ्या नावापुढे मी ‘ऑकलंड, सुखरूप’ असं लिहिलंय. अंदाजानेच लिहिलंय. खरं असेल तर बाबांना तू स्वतः सांग. त्यांचा फोन सुरू आहे.

तुझीच,
तिरेसा