हळदीनं अडवलेला सिग्नल

सोम., १० फेब्रु.
बाराव्यांदा भट्टी लावली. पावडर निघाली फिकट हिरवी, हवी तशी. निळ्या एलईडीवर थापली. खालून निळा उजेड, वर पावडर, तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. त्यावरून बिनतारी निरोप पाठवायचा. सांगायला एवढंच. सात वर्षं गेली त्यात.

गुरु., १३
सिग्नल आला! खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाला. एलईडीच्या प्रत्येक उघडझापीला स्क्रीनवर सरळ उभ्या पायऱ्या. गाइड सर चक्क हसले. "शबाना, सुटलीस बघ." पीएचडीची कमिटी २५ ला. झाली तर कॉलेजात कायम, नाहीतर जूनपासून पुन्हा तासिका तत्त्वावर. आनंद व्हायला हवा होता. नुसतं आडवं व्हावंसं वाटतंय.

मंगळ., १८
सकाळी मार्केट यार्डात, अब्बांच्या अडतीवर. नवी हळद आलीय, त्यांचा माणूस आजारी. नमुन्याची हळकुंडं मीच फोडली. तशीच लॅबला. सेन्सर बसवताना पिवळी बोटं लागली नि सिग्नल मेला. हळदीला शिव्या घातल्या. पुसलं, आला परत.

जेवताना घास हातातच राहिला. हळद निळा उजेड खाते. इन्फ्रारेडला कशाला अडवेल? मग मेलं काय होतं? उद्या लॅबला सुट्टी. कसला जीव टांगणीला…

गुरु., २०
सेन्सरपुढं पिवळी काच लावली, निळा अडवायला. ही पहिल्याच दिवशी लावायची असते. पोरांना मीच शिकवते हे. गाढव आहे मी. इन्फ्रारेड येतो, पण सुस्त. एलईडी विझला तरी पावडर उजळतच राहते. पायऱ्यांचा नुसता उतार. म्हणजे १३ चा सिग्नल पावडरीतून निसटलेल्या निळ्याचा. रडले. मग डबा खाल्ला.

शुक्र., २१
सरांना दाखवलं. त्यांनी काच काढून बाजूला ठेवली. मग, "कमिटीनं मागितलीय का काच?"
"नाही, सर."
"मग तू कशाला लावतेस?"
राग आला नाही, हेच वाईट. सर चार महिन्यांत रिटायर होतायत. नि खरं म्हणजे मलाही तेच ऐकायचं होतं.

रवि., २३
अब्बांना सांगितलं. इन्फ्रारेड त्यांना काय कळणार, पण ऐकलं सगळं. "हळकुंड पॉलिश केल्याव लय झ्याक दिसतंय, बाय. म्हणून तर फोडून बघतोय आमी."
"मग मी काय करू?"
"ते तुझं तू बघ. माल माझा न्हाई."
चिडले. एक सल्ला मागितला तर तोही नाही.

सोम., २४
प्रबंधाची पाच पानं बदलली. जुना आलेख काढला. वेग कमी आहे, पावडर मागं रेंगाळते, असं सरळ लिहिलं. सरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "राहू दे इथं. सकाळी बघतो." सही नाही केली. कमिटी उद्या अकराला.

जुनी प्रत, त्यांची सही झालेली, माझ्या पिशवीत आहे. दोनदा बाहेर काढली. फाडायला हात धजत नाही.