चपलेचा संदर्भ

खोपोली,
रविवार, २२ फेब्रुवारी २०२६

ती. बुधाजीकाका,

साष्टांग नमस्कार. तुम्ही माझा फोन घेत नाही, म्हणून कागद घेतला. कागद मध्येच कट करता येत नाही, आणि फाडलात तर शकूकाकू तुकडे जोडून मोठ्यानं वाचून दाखवेल, तिच्यावर माझा भरवसा आहे.

इकडे सगळं ठीक. समीक्षाची दहावीची परीक्षा सुरू झाली, त्यामुळे घरात टीव्ही बंद आणि माझं तोंड चालू. यंदा कडावहून वालाच्या शेंगा आल्या नाहीत. दरवर्षी तुमचा नीलेश पिशवी टाकून जातो. शेवटी बाजारातून आणून मडक्यात पोपटी लावली, पण त्या शेंगांनाच चव नव्हती की आमच्या तोंडाला, कोण जाणे. समीक्षानं विचारलं, "आजोबा रागावलेत का?" मी म्हटलं, अभ्यास कर.

काकू फोनवर म्हणाली, "ह्यांनी सांगितलंय गं, यंदा जत्रेला तोंडाला रंग लावायचा नाय. जगानं काढून टाकलेला मानूस स्टेजवर कशाला?" तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. माझ्या जन्माच्या आधीपासून गावदेवीच्या जत्रेतलं नाटक तुमच्याशिवाय उभं राहिलेलं नाही. एका लेखापायी ते राहू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

झालं काय ते तुम्ही नीलेशकडून ऐकलंत, आणि आपला नीलेश तिखटमीठ लावल्याशिवाय वेळसुद्धा सांगत नाही. म्हणून माझ्याकडून ऐका. इंटरनेटवरच्या त्या ज्ञानकोशात कुणीही लेख लिहू शकतं, आणि तो ठेवायचा की काढायचा हे तिथलीच मंडळी चर्चा करून ठरवतात. मी त्या मंडळींतलीच. कामावरून आल्यावर रोज थोडा वेळ तिथे बसते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या पंच्याहत्तरीला नीलेशनं तिथे तुमच्यावर लेख लिहिला. अगदी जीव ओतून लिहिला. कळंबला तुम्ही खाष्ट सासू झालात, सुनेला चटका दिलात, तेव्हा समोरच्या एका बाईनं चप्पल भिरकावली. नाटक संपल्यावर तुम्ही लुगड्यातच ती परत द्यायला गेलात, "ताई, ही तुमची. दुसरी पायात हाय ना?" हेसुद्धा त्यानं लिहिलं. त्या वाक्याशेजारी कुणीतरी खूण केली, 'संदर्भ हवा'. म्हणजे हे कुठे छापून आलंय ते दाखवा. चपलेला कुठला आलाय संदर्भ! मी एकटीच बसून हसले. दुसऱ्या दिवशी बघते तर अख्खा लेखच काढण्याच्या चर्चेत आलेला.

नीलेशला वाटलं, ही ग्रामपंचायतीची निवडणूक. गावाच्या ग्रुपवर निरोप फिरला आणि संध्याकाळपर्यंत निम्म्या कडावनं तिथे खाती उघडून "ठेवा, ठेवा" लिहिलं. कुणी "बुधाजीकाकांचा विजय असो" लिहून गेलं. काकूनं लिहिलं, "ठेवा. मी बायको हाय." पण तिथे मतं मोजत नाहीत, पुरावा बघतात. एकाच संध्याकाळी एकाच गावची एवढी नवी माणसं बघून परक्यांना वाटलं, सगळाच बनाव आहे. गावानं मायेनं केलं आणि त्यानंच लेख आणखी गोत्यात आला. नीलेशला मात्र हे बोलू नका, तो जेवायचा नाही.

"काढून टाका" हे तुम्ही त्याच्या फोनवर स्वतः वाचलंत. "उल्लेखनीय नाही" हेही वाचलंत. मग म्हणे विचारलंत, "मी काय मेलोय का रं?" काका, त्या शब्दांचा तिथला अर्थ एवढाच, की या माणसाविषयी बाहेरच्या कुणी अजून काही लिहून ठेवलेलं नाही. ज्यांनी लिहायला हवं होतं त्यांनी लिहिलं नाही. त्यात तुमचं काय चुकलं?

इथवर लिहिलं आणि उठून चहा करून आले. चहा नको होता. पुढचं लिहायचं टाळत होते.

चर्चेत मला कुणीतरी विचारलं, तुम्ही त्या भागातल्या, काही छापील मिळेल का? मी कर्जतला वाचनालयात जाऊन जुनी साप्ताहिकं चाळली. नाक धुळीनं भरलं. एका अंकात मिळालं ते एवढंच, "कडाव येथे जत्रेनिमित्त नाटक झाले. गर्दी चांगली होती." तुमचं नाव नाही. माणसं आली होती कुणाला बघायला, ते लिहायचं सुचलं नाही मेल्याला! मला तिथेच रडू आलं. मग घरी येऊन चर्चेत लिहिलं, "हे माझे सख्खे काका आहेत, म्हणून मी मत देत नाही. पुष्कळ शोधलं, पण छापील पुरावा सापडला नाही."

त्यावर चर्चा मिटली. लेख काढला गेला. नीलेशनं तुम्हाला हे सांगितल्याचं कळलं, तेव्हाच तुम्ही फोन का घेत नाही हे माझ्या लक्षात आलं. मी गप्प बसले असते तर कदाचित लेख राहिलाही असता.

पण मला तसं शिकवलंय कुणी? शाळेतली एकपात्री स्पर्धा आठवते? तुमच्याच अंगणात तुम्ही माझी सगळी तयारी करून घेतली होती, आणि परीक्षकांतही तुम्हीच. माझं नाव पुकारलं तशी तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत, शेजारच्या दोघांना म्हणालात, "ही माजी पुतनी हाय, हिचं तुमी बघा," आणि बाहेर निघून गेलात. मला काही म्हणता काही मिळालं नाही. घरी येईपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही. तेव्हा तुम्ही म्हणालात, "मी मार्क दिलं असतं तर लोकांनी बुधाजीच्या पुतनीला टाळ्या दिल्या असत्या गं, तुला नाय. आनि मी काय निघून गेलतो? खिडकीतून बघत होतो. रडायचा तुकडा बेस केलास." तेवढ्यावर माझा राग उतरला होता. बक्षिसापेक्षा मला तेच जास्त हवं होतं.

काका, मीही खिडकीतूनच बघत होते. मला फार त्रास झाला.

आता माझं एवढं ऐका. यंदा रंग लावा. कुठल्या कोशात नाव यावं म्हणून तुम्ही कधी लुगडं नेसला नव्हतात. चैत्रात समीक्षाला घेऊन येते आणि पहिल्या रांगेत बसते. तिथे मी परीक्षक नाही, पुतणीच आहे, तेव्हा हात दुखेस्तोवर टाळ्या वाजवणार. आणि सासू पूर्वीसारखी खाष्ट वठली, तर या वेळची चप्पल माझी असेल.

ती परत द्यायला तेवढे या.

तुमची, खिडकीबाहेर उभी असलेली,
हर्षला