सैल सोडलेला हात

धाकट्या,

माझी झोपेची गोळी डॉक्टरांनी आधी अर्धी केली, मग बंदच केली. तिच्याऐवजी वृद्धाश्रमातल्या व्यायामाच्या बाई आम्हाला अंग सैल सोडायला शिकवतात. आधी पाय घट्ट आवळायचे आणि सोडायचे, मग मुठी, मग खांदे. माझा जबडा मात्र काही केल्या सुटेना. "आजी, दातांखाली कुणाला धरून ठेवलंय?" बाईंनी विचारलं. सगळ्या म्हाताऱ्या खो खो हसल्या.

महिन्याभराने जबडा सुटला, आणि त्या रविवारी मी तुला एवढंच विचारलं, "आठ दिवसांसाठी आणलं होतंस ना रे मला? तीन वर्षं झाली."

तू घड्याळ पाहिलंस. बाहेर जाऊन सिस्टरना म्हणालास, "आई हल्ली फार बडबडते. गोळी परत चालू करा ना."

दार उघडं होतं, आणि मी जागी होते.

सिस्टरनी साफ नकार दिला. पण तू काळजी करू नकोस. हे पत्र उशीखालीच राहील, आणि तू आलास की मी डोळे मिटून पडेन. जाताना तू माझा हात हातात घेतोस. आधी मी तुझा हात धरून ठेवायचे. आता सैल सोडायला शिकलेय.

तुझी, टक्क जागी,
आई