वजनाला जास्त भरलेलं पातं

चिरंजीव तुत्तूस थोरल्या बहिणीचा, हातियाचा आशीर्वाद. हजार देव तुला राखोत. निदान दोन-तीन तरी जागे असोत. तुझा गुडघा, शेळ्या, बायको कशी आहेत? (बायकोबद्दल लांबण लावू नकोस.) गाढवावर कांदे पाठवलेत. इकडे सगळं ठीक. फक्त नातू झिदीला देवळात खोड्यात अडकवलाय.

झालं असं. वादळदेवाच्या देवळात आकाशातून पडलेला लोखंडाचा गोळा होता, सोन्याहून महाग. वसंतातल्या सणासाठी याचं पातं कर म्हणून पुजाऱ्याने तो झिदीला तोलून दिला. (आपली लोहारकी नडली. तुझ्यासारखा शेळ्यांमागे गेला असता तर सुटला असता.) तापवून पहिला घण घातला आणि देवाच्या गोळ्याचा शिळ्या भाकरीसारखा भुगा झाला. देवाची वस्तू बिघडवणाऱ्याला नदीत उतरवतात. निर्दोष असला तर नदी सोडते म्हणे. शेजारच्या कुंभाराला नाही सोडलं. त्याची बायको अजून काठावर जाऊन नदीला शिव्या घालते.

मग झिदीने डोकं चालवलं, तिथेच चुकलं. डोंगरातले तांबडे दगड कोळशात भाजून आपण जो लोखंडाचा काळा गोळा काढतो, जमिनीतला म्हणून देऊळ ज्याला हात लावत नाही, त्याचं पातं ठोकलं. झकास झालं. पुजाऱ्याने त्या पात्याने बोकड कापला, मान डोलावली आणि (या लोकांना सगळं तोलायची खोड) पातं तराजूत टाकलं. दिल्यापेक्षा जास्त भरलं.

"चोर कमी करतो. तू वाढवलंस कसं?" पुजारी म्हणाला.

"देवाची कृपा," झिदी म्हणाला.

"कृपेला वजन नसतं, लेका. आकाशातला दुसरा गोळा कुठे दडवलायस?"

आकाशातून पडेल ते राजाचं. दडवलं तर नदी. खरं सांगावं तर देवाचा गोळा मोडला, म्हणजे पुन्हा नदीच. काल भाकरी घेऊन गेले तर मलाच म्हणतो, "आज्जे, घरी जा, थंडी आहे." गाढव कुठला. अंगावर चिंधी नव्हती त्याच्या.

बाकी क्षेम. कांदे लवकर संपव, खालून सडतात.

ता. क. कांद्यांखाली लोकरीत आमच्या भट्टीतला काळा गोळा आहे. तुझ्या माळावर थोडं गवत जाळ, मधोमध तो ठेव. मग तो घेऊन देवळात ये आणि सांग, हा आकाशातून पडला, एक तुकडा देवाच्या पात्यासाठी झिदीला मीच दिला, उरलेला आणायला गुडघ्यामुळे उशीर झाला.

आणखी एक. खोटं बोलतोस म्हणून तुलाच नदीत उतरवतीलही. पण तू लहानपणी ती आडवी पोहून जायचास, झिदीला पोहता येत नाही. ही मातीची पाटी वाचून पाण्यात विरघळव. देवळात लंगडत शिर. नदीत लंगडू नकोस.