सोळा मण्यांची माशी

१४ सप्टेंबर

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

मला फोन नीट ऐकू येत नाही हे तुला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच तू फोन करून मोकळी होतेस. मी 'काय? काय?' करत बसते आणि तू 'बरं आत्या, ठेवते' म्हणतेस. हे चालायचं नाही. पत्र लिही. पत्राला निदान पुरावा तरी राहतो.

खुब्याचं हाड सांधून सात आठवडे झाले. डॉक्टर म्हणतात, जिना नको. चौथा मजला, लिफ्ट नाही, म्हणजे आता इथेच कुजा, हे तोंडावर सांगायची त्यांना लाज वाटते. तुझ्या बाबांनी ठेवलेली बाई चांगली आहे, पण तिच्या अंगात राज्य संचारतं. मी तिला राणीसरकार म्हणते आणि तिला ते मनापासून पटलेलं आहे. भाजी आणायला खाली गेली की दाराला बाहेरून कुलूप. मी पळून जाईन म्हणे! वॉकर घेऊन चौऱ्याऐंशी पायऱ्या? मला एवढी उमेद असती तर मी तिच्याआधी भाजी आणली असती.

माझं जग म्हणजे पलंग ते बाथरूम, अकरा पावलं. बाथरूमच्या फरशीवर पतंगमाश्या बसतात, तेवढीच सोबत. राणीसरकार त्यांना चिलटं म्हणून झाडूने मारायला निघाल्या. मी म्हटलं, बाई, चिलट वेगळं. हिचे पंख बघा, पानासारखे टोकदार आणि अंगभर केस, पतंगाने माशीशी संसार केल्यासारखी. या कुळात जगभरात तीन हजारांवर जाती आहेत. कुणी मोरीच्या गाळात वाढतात, कुणी ओढ्याच्या शेवाळात, आणि रक्त पिणारी वाळूमाशीही याच घरातली. तिने विचारलं, चावतात त्या कोण? मी म्हटलं, फक्त माद्या. तेव्हापासून ती मला जरा मान देते.

शाळेतल्या सिस्टर सांगायच्या, चांगल्या मुलीने नजर खाली ठेवावी. मी ठेवली. चौतीस वर्षं सूक्ष्मदर्शकात नजर खाली, आणि खाली दिसलं काय, तर नर माश्यांचं बूड. कारण जात ओळखायची तर तीच मुख्य जागा. सिस्टरना कधी सांगितलं नाही, बिचाऱ्या आडव्या झाल्या असत्या.

तू आता संग्रहालयाच्या माझ्याच तळघरात, माझ्याच खुर्चीवर बसतेस. माझी माशी कशी आहे? डावीकडचं कपाट, सातवा ड्रॉवर, सूक्ष्मदर्शकाची लाल ठिपक्याची काच. सात मावश्या-आत्यांमध्ये स्वतःच्या नावावर माशीची नवी जात असलेली मी एकटीच. तिचा एक फोटो काढून पाठव. मी उशाशी ठेवीन.

लोभ आहेच, त्याला अधूनमधून उत्तराचं खतपाणी घालत जा.
तुझी आत्या

२७ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

उशीर झाला, कान धर. साहेबांच्या पुस्तकाचं काम मानेवर बसलं आहे. सगळ्या पतंगमाश्यांची नवी ओळखसूची करायची, प्रत्येक जात जिच्यावरून ठरली ती मूळ काच पुन्हा तपासायची, आणि तीही नोव्हेंबर संपायच्या आत. माझी नेमणूकही नोव्हेंबरपर्यंतच आहे. पुढचं साहेबांच्या शिफारशीवर, आणि साहेब शिफारशीचा विषय निघाला की खिडकीबाहेर बघतात. तळघराला खिडकी नाही, तरी कुठून तरी शोधून काढतात.

तुझ्या सरांची मोठी तसबीर अजून भिंतीवर आहे. साहेब रोज तिच्याकडे बघून सांगतात की सरांनी मांडलेला वंशवृक्ष जसाच्या तसा पुस्तकात जाईल. सरांचे ते लाडके विद्यार्थी, त्यामुळे त्यात फांदी हलवणंसुद्धा पाप. आणि त्या वृक्षाचा मधला सांधा म्हणजे तुझी माशी. ओढ्यातल्या घराण्याचं डोकं, मोरीतल्या घराण्याचं शेपूट, दोघांना जोडणारी ती एकटीच.

फोटो पाठवते, पण आधी एक विचारू का? रागावू नकोस. तू काच बनवायचीस तेव्हा एका वेळी किती माश्या पोटॅशमध्ये टाकायचीस?

खुब्याला जप. राणीसरकारांना माझा मुजरा.
प्रेम आटू देऊ नकोस, एवढंच मागणं.
तुझी खारी

४ ऑक्टोबर

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

किती म्हणजे? एक! एक माशी, एक वाटी. हे तुला मी दहावीच्या सुट्टीत माझ्या मांडीला मांडी लावून शिकवलं. माशी कॉस्टिक पोटॅशमध्ये टाकायची, काळेपण गेलं की धुवायची, अल्कोहोल, लवंगेचं तेल, मग सुईने डोकं, पंख आणि शेपूट वेगळं करून एकाच काचेवर तीन ठिकाणी बाल्समच्या डिंकात बसवायचं. तिन्ही तुकडे एकाच माशीचे. यात विचारण्यासारखं काय आहे?

तू लहानपणी बिस्किटं लपवून ठेवायचीस आणि मग आईला विचारायचीस, आई, डब्यात किती होती गं? हा प्रश्न मला त्याच चालीचा वाटतो. खारीसारखं गालात काय धरून बसली आहेस ते बाहेर काढ. मी खाली उतरून, रिक्षा करून, तुझ्या टेबलापाशी येऊन विचारू शकत नाही, याचा फायदा घेऊ नकोस.

आणि फोटो कुठे आहे?
माया आहे, पण आज ती आवळून धरली आहे.
आत्या

१५ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तीन दिवस हे पत्र लिहिते आहे आणि फाडते आहे.

तुझ्या काचेवरच्या डोक्याला दोन मिश्या आहेत. प्रत्येकीला सोळा मणी, शेवटचे तीन बारीक. ओढ्यातल्या घराण्याचं हे लक्षण. शेपटाला मात्र वल्ह्यासारखे चपटे केस, ते मोरीतल्या घराण्याचं. तू लेखात हेच लिहिलं होतंस, आणि म्हणून तर ती नवी जात ठरली. पण ज्या बाटलीतून तू ती माशी काढलीस, ती बाटली मला मागच्या कपाटात सापडली. तुझ्या हातची चिठ्ठी आत आहे, ओढ्याजवळच्या विहिरीवरचा सापळा. आत अजून एकोणीस नर शिल्लक होते. मी सगळ्या एकोणीसांच्या काचा बनवल्या. एक माशी, एक वाटी.

अकरांना सोळा मणी आणि ओढ्यातलं शेपूट. आठांना चौदा मणी आणि वल्ह्यांचं शेपूट. तुझ्यासारखी एकही नाही. शिवाय दोन्ही जाती आधीपासून माहीत असलेल्या, आपल्या कितीतरी आधी दुसऱ्यांनी नावं दिलेल्या.

आत्या, तुझ्या काचेवर डोकं एका माशीचं आहे आणि शेपूट दुसरीचं. अशी माशी नाही. कधी नव्हती.

साहेबांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तुझी जात जाते, सरांचा सांधा निखळतो आणि बहुधा माझी खुर्चीही जाते. नाही सांगितलं तर पुस्तकात मी डोळ्यांनी बघितलेली खोटी गोष्ट छापली जाते, माझ्या नावाने. मी रोज सकाळी तळघरात उतरते आणि तो ड्रॉवर उघडून परत लावते.

रागव, पण लिही.
तुझी खारी

१९ ऑक्टोबर

खारूताईस,

तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. एकोणीस माश्या म्हणजे जग नव्हे. विसावी कुठे तरी असेल. तुझ्या वयात मी बाटलीभर माश्या बघून कुणाची जात काढत नव्हते. माझे डोळे तेव्हा तुझ्यासारखे चष्म्यात बुडालेले नव्हते आणि हात थरथरत नव्हता.

आज राणीसरकार कुलूप लावून गेल्या त्या तीन तास आल्या नाहीत. मी खिडकीशी बसून होते.

आत्या

२६ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रावर आशीर्वाद नव्हता. पहिल्यांदाच.

मी एक वाट काढली आहे. पुस्तकात तुझ्या जातीपुढे फक्त एक ओळ लिहीन, मूळ काच तपासणीसाठी उपलब्ध होऊ शकली नाही. असं पुष्कळ लोक लिहितात. काचा फुटतात, हरवतात, कुणी विचारत नाही. ती काच मी मागच्या कपाटात, बाटल्यांच्या मागे सारून ठेवीन. तुझी माशी राहील, सरांचा वृक्ष राहील, साहेब खूश. तू आता या वयात, पायाची ही अवस्था, अंथरुणात बसून हे कशाला सोसायचं? माझं काय, मला सवय होईल.

एवढं ऐक आणि पुन्हा नीट पत्र लिही. अबोला धरू नकोस.
तुझी खारी

३ नोव्हेंबर

चि. खारूताईस,
अ. उ. आ., आणि त्यासोबत एक सणसणीत चपराक, ती बाबांकडून वसूल करून घे.

मागच्या पत्रात मी तुला वाटेल ते बोलले. ते मी मागे घेते. पण या पत्राने तू जे केलंस ना, त्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'या वयात', 'पायाची अवस्था', 'कशाला सोसायचं'! माझा खुबा मोडला आहे, अक्कल नाही. सगळे मिळून मला या खोलीत ठेवताच आहात. डॉक्टरने जिना बंद केला, राणीसरकारांनी दार, आणि आता तू खरं काय तेही माझ्यापासून कुलपात ठेवणार? चौतीस वर्षं काम केलेल्या बाईला खाऊ देऊन गप्प बसवतेस?

आणि 'मला सवय होईल' म्हणे. कशाची? मी इतकी वर्षं करून बघितली, म्हणून सांगते, ती होत नाही.

आता नीट वाच, कारण हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

काच बनवताना दाराची झुळूकसुद्धा चालत नाही, तुकडे उडतात. म्हणून सर मला त्या खोलीत बसवायचे आणि बाहेरून कडी लावायचे. पाच वाजता उघडायचे. त्या आठवड्यात त्यांना परिषदेला नेण्यासाठी दिवसाला सहा काचा हव्या होत्या. एक माशी एक वाटी करत बसले तर तीनच होतात. त्या दुपारी मी एका वाटीत दोन टाकल्या. धुताना दोन्ही डोकी सुटली. एक पाण्याबरोबर गेलं. उरलेलं मी सुईच्या टोकावर घेतलं, एका शेपटाजवळ ठेवलं आणि मनाशी म्हटलं, हे याचंच. पाचला दहा मिनिटं कमी होती. दुसऱ्या शेपटाची काच मी बनवलीच नाही, ते मोरीत ओतलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी काच बघितली आणि खुर्चीतून उठले. मी बोलू शकले असते. मी म्हटलंसुद्धा, सर, एकच आहे, अजून दोनचार बनवून बघूया का? ते म्हणाले, गरज नाही, हा शोध तुझा, लेख तुझ्या एकटीच्या नावाने जाऊ दे. तो माणूस स्वतःचा चहाचा कप उचलून ठेवत नसे, आणि मला एकटीला नाव देत होता. मला तेव्हा उदारपणा वाटला. आज वाटतं, त्यांनाही शंका होती, आणि चूक उघडी झालीच तर ती माझ्या माथी पडावी अशी सोय होती. पण हे मला सिद्ध करता येणार नाही, म्हणून लेखात घालू नकोस. आणि मला ते नाव हवं होतं गं. कडी त्यांनी लावली, पण सुई माझ्या हातात होती.

म्हणून तुझा प्रश्न वाचला तेव्हाच मला कळलं होतं. एकोणीस काचा बनवायची गरज नव्हती, मला सरळ विचारायचंस. अर्थात मी खोटंच सांगितलं असतं. तेव्हा बनवल्यास तेच बरं केलंस.

आता करायचं ते असं. ती ओळ लिहायची नाही. काच जागेवर ठेवायची. पुस्तकाच्या आधी एक छोटा लेख पाठवायचा, दोन पानांचा. त्यात तुझ्या एकोणीस काचा, मोजणी आणि चित्रं. त्यापुढे माझा परिच्छेद, सोबत स्वच्छ लिहून दिला आहे. एका वाटीत दोन माश्या टाकल्या, डोकं दुसऱ्या माशीचं असण्याची शक्यता माझ्या ध्यानात होती, मी ती लिहिली नाही, म्हणून ही जात रद्द समजावी. त्यात एकही शब्द मऊ करायचा नाही.

लेखाला दोन नावं. माझं आधी. तुझ्या साहेबांना म्हणावं, तरुण मुलीने सरांची चूक काढली असती तर तुम्ही तिला उडवून लावलं असतं. पण जात जिची, तीच बाई ती मागे घेते म्हटल्यावर तुम्ही कोण अडवणार? तरी अडवलंच, तर मासिकाकडे परस्पर पाठव. खुर्ची गेली तर जाईल. राणीसरकारांच्या खोलीत एक खाट रिकामी आहे, त्या तुला भाजीलाही पाठवतील.

दोन घराण्यांच्या मधे काही नाही. तिथे रिकामी जागा सोड. वंशवृक्षात रिकामी जागा दिसायला वाईट दिसते, पण ती खरी आहे.

रात्रभर झोप आली नाही असं लिहिणार होते, पण आली. बऱ्याच दिवसांनी.

सही लागेल म्हणून एका कोऱ्या कागदावर तीनदा केली आहे. पहिली वाकडी गेली आहे, दुसरीवर शाई सांडली आहे. तिसरी लाव. नाव पूर्ण छापायला सांग, आद्याक्षरं नकोत.

मायेत खंड नाही, तू पडू देऊ नकोस.
तुझी आत्या